एका फाशावर ठरू नये अशी बॉस फाइट

माझ्या पहिल्या बॉसला, म्हणजे गोष्टीतल्या मुख्य शत्रूला, स्वतःची एकही टर्न (पाळी) मिळाली नाही. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स: खेळाडू एकेक पात्र चालवतात, डीएम म्हणजे मी गोष्ट सांगते आणि शत्रू चालवते, आणि काय होतं ते फासे ठरवतात.

चौथ्या लेव्हलची चार पात्रं आणि समोर 'मॉन्स्टर मॅन्युअल' या शत्रूंच्या पुस्तकातला मेज, म्हणजे जादूगार, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती जड याचा आकडा) ६. २०१४च्या नियमांतल्या (इथले सगळे नियम त्यांतलेच) तक्त्याप्रमाणे त्या गटाला २,००० एक्सपीच्या (अनुभवाच्या गुणांच्या) पुढची लढाई 'डेडली', म्हणजे जीवघेणी, ठरते. मेजचे होतात २,३००. त्याच्याभोवती मी दोन महिने गोष्ट विणली होती. त्याचा मनोरा, त्याच्या बहिणीची पत्रं, सगळं. इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला, त्याला ४ पडले. त्याची पाळी यायच्या आत क्लेरिकने (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) होल्ड पर्सन हा जखडणारा स्पेल (मंत्र) टाकला, मेजचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, हुकला आणि तो जागच्या जागी लुळा पडला. लुळ्या शत्रूला जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा. मेजचे एचपी (जीवाचे गुण) फक्त ४०. फायटर (लढवय्या) आणि रोग (लपून वार करणारं पात्र) यांनी मिळून ते संपवले.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी उलटा हिशोब करून पाहिला. त्याच मेजला इनिशिएटिव्हला १९ पडले असते तर? त्याच्याकडे कोन ऑफ कोल्ड हा गारठ्याचा स्पेल आहे, ८डी८, म्हणजे आठ बाजूंचे आठ फासे, सरासरी ३६. आमच्या विझर्डचे एचपी २६, रोग आणि क्लेरिकचे ३१. सेव्ह हुकला असता तर तिघंही पहिल्याच फटक्यात जमिनीवर. म्हणजे बॉस तोच, पात्रं तीच, आणि एका फाशावर एकतर तो संपणार, नाहीतर आपण. तक्ता चुकीचा नव्हता. पण लढाई किती जड आहे एवढंच तो सांगतो, ती कशावर टांगलेली आहे हे सांगत नाही.

तेव्हापासून संतुलित बॉस म्हणजे काय, याची माझी व्याख्या ठरली आहे. दोन्ही बाजूंना जिंकायची सारखी संधी असावी, असं मी म्हणत नाही. वर्षभर रंगवलेलं पात्र निम्म्या वेळा मरणार असेल तर कोणी खेळायला येणार नाही. खेळाडू बहुतेक वेळा जिंकावेत. पण ते जिंकणं किंवा हरणं वीस-तीस फासे आणि पाच-सहा निर्णय मिळून ठरावं. खाली सांगते ती प्रत्येक गोष्ट याच एका कसोटीतून आली आहे.

उदाहरण म्हणून माझाच एक बॉस घेते. पुण्यात माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर दर शनिवारी रात्री आठ ते साडेअकरा आम्ही खेळतो. धाकटा भाऊ फायटर, ऑफिसातली मैत्रीण क्लेरिक, शेजारची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी विझर्ड आणि तिची वर्गमैत्रीण रोग. पात्रं तेव्हा पाचव्या लेव्हलला होती. माझं लहानपण उरणकडचं, शाळेची वाट मिठागरांच्या बांधावरून जायची, म्हणून बॉसची जागा मी मिठागर निवडली. बॉस म्हणजे मिठाच्या थरांनी बनलेला दहा फुटी राखणदार. मुलींनी त्याचं नाव मिठ्या ठेवलं.

आधी आपल्या माणसांचा हिशोब

बॉसचे एचपी ठरवण्याआधी आपला गट एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक टर्न) किती डॅमेज करतो, म्हणजे शत्रूचे किती एचपी घटवतो, ते काढा. पात्रांच्या शीट मागून घ्या आणि अर्धा तास द्या. बाकी सगळं या आकड्यावर उभं राहतं.

बॉसचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, मी १५ धरला. आमच्या सगळ्यांचा हल्ल्याचा बोनस +७ आहे, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो. शंभरातले ६५ वार लागतात. एसी १९ केला असता तर पंचेचाळीसच लागले असते. लढाई लांबवायची असेल तर एसी वाढवू नका, एचपी वाढवा. वीस मिनिटं आपल्या पाळीची वाट बघायची आणि मग ऐकायचं 'नाही लागला', हे खेळाडूला फार लागतं. वार लागला आणि बॉस अजून उभा आहे, यात मात्र मजा आहे.

फायटरचे दोन वार, प्रत्येकी सरासरी साडेदहा. ६५ टक्क्यांनी साधारण १४. रोगचा बाण स्नीक अटॅकच्या जादा डॅमेजसकट १८, म्हणजे हाती १२. क्लेरिकचं स्पिरिच्युअल वेपन आणि सेक्रेड फ्लेम मिळून पुन्हा १२. विझर्डकडे पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) असतात, म्हणजे दोन फायरबॉल. ८डी६, सरासरी २८. मिठ्या चपळ नाही, तरी कधी सेव्ह होणार म्हणून २४ धरले. स्लॉट संपले की फायर बोल्ट, हाती ७.

पहिले दोन राउंड प्रत्येकी ६२, पुढचे प्रत्येकी ४५. चार राउंडचे २१४. पण चारही जण चारही राउंड नुसता हल्ला करतात, असं कधीच होत नाही. कोणी पडतं, कोणी उठवायला जातं, कोणी दार उघडतं. म्हणून एकूण आकड्याचा पाऊण भाग घ्यायचा. मिठ्याचे एचपी झाले १६०.

चारच राउंड का? दोन राउंडच्या लढाईत एका चांगल्या क्रिटिकलने सगळं ठरतं. सात राउंड झाले की चौथ्यानंतर तेच तेच सुरू होतं, आणि साडेअकराला सगळ्यांना घरी जायचं असतं. चार-पाच राउंडमध्ये नशीब दोन्ही बाजूंना फिरून जातं. आमच्या टेबलावर तेवढ्याला सव्वा तास लागतो.

हा हिशोब दमलेल्या गटाचा आहे. २०१४च्या नियमांची अपेक्षा अशी की एका दिवसात सहा ते आठ लढाया व्हाव्यात. साडेतीन तासांत ते होत नाही. मी बॉसच्या आधी दोन छोट्या लढाया ठेवते, त्यात थोडे स्लॉट आणि फायटरचा अॅक्शन सर्ज (एक जादा कृती) खर्च होतो. तुमचा गट रात्रभर झोपून थेट बॉससमोर येणार असेल तर एचपी पाचव्या हिश्श्याने वाढवा. आणि पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर त्याच्या स्माइटचा, म्हणजे वारावरच्या जादा डॅमेजचा, हिशोब वेगळा मांडा, तो एकटा पहिल्या राउंडचा आकडा पालटतो.

बॉसचा फटका केवढा असावा

आमच्या गटाचे एचपी: फायटर ४९, रोग ३८, क्लेरिक ३८, विझर्ड ३२. एकूण १५७.

माझा दंडक असा: बॉसच्या साध्या वाराने मधल्या पात्राचे एक तृतीयांश एचपी जावेत, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या फटक्याची सरासरी सर्वांत नाजूक पात्राच्या दोन तृतीयांशापलीकडे जाऊ नये. साधा वार मी ओगर या राक्षसाच्या सोट्यावरून घेतला, २डी८+४, सरासरी १३. मोठा फटका म्हणजे खाऱ्या पाण्याची लाट: ६डी६, सरासरी २१, सेव्ह झाला तर निम्मं.

सरासरीवर थांबू नका, कमाल आकडाही बघा. ६डी६ची कमाल ३६. विझर्डचे ३२ एचपी शाबूत असताना सगळ्या फाशांवर सहा आले तरी ती पडेल, मरणार नाही. एचपी शून्यावर आल्यानंतर उरलेलं डॅमेज पात्राच्या कमाल एचपीएवढं झालं तरच तत्काळ मृत्यू येतो. तिच्या बाबतीत तसं व्हायला ती आधीच ४ किंवा खाली असायला हवी. याउलट यंग व्हाइट ड्रॅगनचा श्वास पाहा: १०डी८, सरासरी ४५, कमाल ८०. पहिल्याच राउंडमध्ये ६४ पडले तर बत्तीस एचपीची विझर्ड जागीच मेली, डेथ सेव्हसुद्धा (पडल्यावर जगण्यासाठी टाकायचा फासा) नाही. तो ड्रॅगन चॅलेंज रेटिंग ६चा आहे, माझ्या त्या मेजएवढाच.

चार टर्नला एक टर्न

एकटा बॉस हरतो तो बहुधा इथे. खेळाडूंच्या चार टर्न आणि त्याची एक. एचपी कितीही द्या, चार जण एकेक करून त्याला अडवतात आणि तो गरगर फिरत राहतो.

मोठ्या ड्रॅगनना नियमांनी लेजेंडरी अॅक्शन दिलेल्या असतात, दुसऱ्या कोणाची टर्न संपली की वापरायच्या, राउंडला तीन. पाचव्या लेव्हलला तीन जास्त होतात. मिठ्याला मी दोन दिल्या: एकदा सरकणं आणि एकदा वार. स्वतःच्या टर्नमध्ये दोन वार, मधे एक. तीन वारांपैकी साधारण निम्मे लागतात, म्हणजे राउंडला २० डॅमेज. चार राउंडचे ८०.

सोबतीला दोन जायंट क्रॅब, म्हणजे मोठे खेकडे. चॅलेंज रेटिंग १/८, एचपी १३, पण त्यांची नांगी धरून ठेवते. ते दुसऱ्या राउंडला चिखलातून वर येतात. डॅमेजसाठी मी त्यांना ठेवलेलं नाही. एखाद्याची टर्न खायला आणि विझर्डला फायरबॉल नेमका कुठे टाकावा हा प्रश्न पाडायला ते आहेत. छोट्या साथीदारांचं काम तेवढंच असावं. त्यांची संख्या वाढली की डीएमच्याच टर्न लांबतात.

सेव्हचा प्रश्न

होल्ड पर्सनसारखा एक स्पेल आणि एक हुकलेला सेव्ह, माझा मेज असाच गेला. नियमांतला उपाय म्हणजे लेजेंडरी रेझिस्टन्स, दिवसातून तीनदा हुकलेला सेव्ह यशस्वी धरायचा. यात बॉस वाचतो, पण ज्या मुलीने आपला शेवटचा मोठा स्लॉट लावला तिच्या हातात काही येत नाही. तिचा चेहरा मला टेबलापलीकडून दिसतो.

म्हणून मिठ्याला मी मिठाचे दोन पापुद्रे दिले. कुठल्याही स्पेलने तो जखडला गेला की एक पापुद्रा फुटतो, तो मोकळा होतो, पण त्याचा एसी २ने उतरतो. १५चा १३, दुसऱ्यांदा ११. ६५ टक्के लागणारे वार ७५ टक्के लागू लागतात. स्पेल टाकणाऱ्याने लढाई जागच्या जागी संपवली नाही, पण पुढच्या प्रत्येक वारात तिचा हात आहे, आणि तो सगळ्यांना दिसतो. मी मोठ्याने सांगते, 'छातीवरचा थर तडकून पडला, आतला ओला भाग दिसतोय.' या एका बदलाने माझ्या लढाया जेवढ्या सुधारल्या तेवढ्या दुसऱ्या कशाने सुधारल्या नाहीत.

लाट कधी येणार हे दिसलं पाहिजे

ड्रॅगनचा श्वास परत मिळवायला दर टर्नच्या सुरुवातीला फासा टाकतात, ५ किंवा ६ पडला की मिळाला. तीन वेळा फासा टाकून एकदाही न मिळण्याची शक्यता २७त ८, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. आणि लागोपाठ दोनदा मिळण्याची ९त १. एका रात्री ड्रॅगन खेळण्यातला वाटतो, दुसऱ्या रात्री कत्तल होते.

तो फासा मी काढून टाकला आणि त्याजागी पाणी आणलं. मिठागराच्या बांधात लाकडी दार असतं, आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात. उघाडी उघडी आहे आणि भरती सुरू आहे. दर राउंडला इनिशिएटिव्ह २०वर पाणी एक पायरी चढतं: घोटा, गुडघा, कंबर. कंबरेला आलं की मिठ्या त्या टर्नमध्ये वार न करता लाट उठवतो आणि पाणी पुन्हा घोट्यावर. म्हणजे काही केलं नाही तर तिसऱ्या राउंडला लाट येणार, हे सगळ्यांना पहिल्या राउंडपासून कळतं.

आणि उघाडी बंद करता येते. बांधावर साठ फूट लांब, दोन टर्न दार ढकलावं लागतं. इथे मी फासा मुद्दाम ठेवला नाही. स्ट्रेंग्थ चेक (ताकदीचा फासा) ठेवला असता तर जीव धोक्यात घालून तिथवर गेलेली मुलगी ३ पडल्यामुळे रिकामी परतली असती. दोन टर्न द्या, दार बंद, एवढंच.

आता हे पारड्यात घालून पाहा. लाट तिघांना लागली तर सेव्ह धरून साधारण ४७ डॅमेज. त्या टर्नचे दोन वार वजा करून, लाटेसकट गटाला चार राउंडमध्ये ११५च्या आसपास सोसावं लागतं, १५७पैकी जवळजवळ पाऊण. लाट थांबवली तर ८०, म्हणजे निम्मं. दार बंद करायला रोगच्या दोन टर्न जातात, म्हणजे २४ डॅमेज कमी, लढाई अर्धा राउंड लांबते आणि गटाला आणखी १० सोसावे लागतात. दार बंद करणं फायद्याचं आहे, पण तिथे एकटीने जावं लागतं आणि वाटेत खेकडे आहेत. जाणं आणि न जाणं, दोन्ही पर्याय कोणीतरी मनापासून मांडू शकलं पाहिजे. टेबलावर त्यावर वाद झाला की मला समाधान वाटतं.

एकटीने तीनदा खेळून बघा

शुक्रवारी रात्री मी राजम्याचे दाणे मांडून पूर्ण लढाई स्वतःशी खेळते. पहिल्या खेपेला सगळी पात्रं बॉसच्या आधी आणि त्यांचा प्रत्येक फासा १५. दुसऱ्या खेपेला बॉस आधी आणि त्याचा फासा १५. तिसऱ्या खेपेला खरे फासे. पहिल्या खेपेत बॉसला निदान दोन टर्न मिळाल्या पाहिजेत, दुसऱ्या खेपेत दुसऱ्या राउंडच्या शेवटी निदान दोन पात्रं उभी हवीत. यातलं एक जरी चुकलं तर आकडे बदला. हे करायला पाऊण तास लागतो, आणि त्यात नियमांची अडखळणंही सापडतात.

कोणी आलं नाही तर काय, हेही तेव्हाच लिहून ठेवा. कोणाचं ऑफिसचं काम निघतं, कोणाची परीक्षा असते. मी एचपी माणशी ४० धरते. तिघं आले तर १२०, आणि मधला जादा वार काढून टाकायचा.

लढाई सुरू झाल्यावर मी एचपी चोरून वाढवत किंवा घटवत नाही. माझे फासे उघड्यावर पडतात, समोर पडदा नाही. अनेक चांगले डीएम पडद्याआड आकडे हलवतात आणि त्यांचे गट खुशीत असतात. माझ्या गटाला मात्र आपण खरंच जिंकलो याचा विश्वास हवा असतो, आणि तो मी तोडणार नाही. त्याऐवजी गोष्टीतच दोन झडपा ठेवते. लढाई फार जड गेली तर पाचव्या राउंडला ओहोटी लागते, पाणी चढणं थांबतं. फार हलकी गेली तर निम्मे एचपी गेल्यावर मिठ्या बांध फोडतो आणि पाणी एकदम एक पायरी वर जातं. या दोन्हीच्या खुणा आधी पेरलेल्या असतात: भरतीची वेळ सांगणारा म्हातारा, बांधाला पडलेली चीर.

आणखी एक गोष्ट खेळाडूंना आधी सांगून टाका: पडलेल्या माणसावर बॉस वार करतो की नाही. बेशुद्ध पात्राला जवळून वार लागला की तो क्रिटिकल धरला जातो आणि दोन डेथ सेव्ह एकदम हुकतात, तिसरा हुकला की मृत्यू. मिठ्या हालचालीवर चालतो, निपचित पडलेल्याकडे बघत नाही. म्हाताऱ्याने हे गावातच सांगितलं होतं.

प्रत्यक्षात असं झालं. रोग पहिल्या राउंडलाच उघाडीकडे पळाली, दुसऱ्या राउंडला तिने एकदा दार ढकललं आणि तेवढ्यात खेकड्याने तिला धरलं. तिसऱ्या राउंडला ती सुटण्यात अडकली आणि लाट आली. विझर्डचा सेव्ह हुकला, ती पडली. फायटर गुडघ्यावर, एचपी ९. क्लेरिकने हीलिंग वर्डने विझर्डला उठवलं, तिने उठल्या उठल्या फायर बोल्ट मारला. चौथ्या राउंडला उघाडी बंद झाली. रोग बांधावरूनच ओरडली, 'ताई, दार लागलं ना? आता बाण मारू?' पाचव्या राउंडला भावाच्या दुसऱ्या वाराने मिठ्या विरघळला.

प्रत्येक राउंडचं डॅमेज मी वहीत टिपते, पुढचा बॉस त्यावरूनच ठरतो. मिठ्याला पडलेले: ४७, ३९, २१, ३४, १९. पापुद्रा एकच फुटला. खेकडे दोघंही रोगच्याच मागे गेले, त्यामुळे क्लेरिकला सगळी लढाई जागेवरून हलावंच लागलं नाही. पुढच्या वेळी तीन खेकडे ठेवणार आहे, आणि तिसरा तिच्या बाजूच्या चिखलातून काढणार.